खाचेतला आवाज

ग्रामोफोनच्या तबकडीवर गाणे असते, असा आपला सर्वांचा समज आहे, आणि तो तसा असण्यास काही हरकतही नाही. तबकडी फिरते, सुई टेकते, गाणे ऐकू येते. यापलीकडे काही जाणून घेण्याचे रसिकाला सहसा कारण पडत नाही. परंतु बारकाईने पाहिले तर तबकडीच्या खाचेत जे असते, ते गाणे नव्हे. ते गाण्याचे मुद्दाम वाकविलेले रूप असते. ते किती आणि कोठे वाकविले आहे हे ठाऊक असल्यावाचून ते सरळ करता येत नाही. सरळ करण्याचे हे काम ज्या लहानशा यंत्राकडे असते, त्याला फोनो प्रीॲम्प म्हणतात. कोणी त्याला 'पूर्ववर्धक' असेही म्हणेल. पण तो शब्द उच्चारला की घरातील मंडळी माझ्याकडे संशयाने पाहू लागतात, म्हणून मी प्रीॲम्पच म्हणतो. गेल्या उन्हाळ्यात असा एक नवा प्रीॲम्प मी रायपूरच्या आमच्या घरी आणला. त्याची जी परीक्षा मी घेतली, आणि मग त्याने आमच्या घराची जी घेतली, तिच्याविषयी आज बोलावयाचे आहे.

आधी हे वाकविणे म्हणजे काय ते सांगतो. तार करण्याची सोय आपल्या देशात २०१३ साली बंद झाली. पण ज्यांनी कधी तार केली आहे त्यांना आठवेल की, शब्दागणिक पैसे पडत असल्यामुळे आपण मजकूर काटून-छाटून लिहीत असू. अव्यये गाळावयाची, क्रियापद एकच ठेवावयाचे, आणि उरलेले वाचणाराने आपल्या मनाने भरून घ्यावयाचे. पाठविणारा आणि वाचणारा यांच्यात एक न बोललेला करार असे. तबकडी कोरणारापुढेही अशीच काटकसरीची अडचण असते. आवाजातील जाड, खालचे अंश खाचेला फार रुंद झोके देतात. ते जसेच्या तसे कोरले, तर एक खाच शेजारच्या खाचेत शिरेल. आणि तसे होऊ नये म्हणून खाचा दूर दूर ठेवल्या, तर वीस-पंचवीस मिनिटांची बाजू निम्म्यावरच संपेल. उलट, आवाजातील अगदी बारीक अंशांचे झोके इतके सूक्ष्म असतात की, तबकडीच्या अंगच्या खरखरीत ते बुडून जावेत. तेव्हा कोरताना जाड अंश दाबावयाचे आणि बारीक अंश उचलावयाचे, आणि वाजविताना बरोबर त्याच्या उलट करावयाचे, असा तोडगा निघाला. दर सेकंदाला २० कंपने असलेला आवाज कोरताना सुमारे एकदशांश केला जातो, तर २०,००० कंपनांचा सुमारे दसपट उचलला जातो. मधल्या अंशांना किती उचलावयाचे व किती दाबावयाचे, याचे एक प्रमाण अमेरिकेतील ध्वनिमुद्रण-व्यावसायिकांच्या संघटनेने १९५४ साली ठरविले. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला आर.आय.ए.ए. वक्र म्हणतात, आणि पुढे ते जगभर रूढ झाले.

प्रीॲम्पचे दुसरे काम निव्वळ मोठेपणाचे. चुंबकाच्या कार्ट्रिजमधून जो विद्युत्संदेश निघतो, त्याची शक्ती एका व्होल्टच्या दोनशेव्या भागाएवढी असते. तिची सुमारे शंभरपट वाढ झाल्याखेरीज ॲम्प्लिफायरला तिची दखलच घेता येत नाही. मागील पिढीच्या घरोघरी जे पेटीवजा रेकॉर्ड-प्लेअर असत, त्यांतील स्फटिकाच्या कार्ट्रिजमधून पुष्कळच मोठा संदेश निघे, म्हणून त्यांना या यंत्राची गरज भासली नाही. त्यांची सुईही तबकडीवर जड पडे. ती खाच वाजवी आणि वाजविता वाजविता थोडी खाऊनही टाकी.

आता रायपूरच्या घरातील व्यवस्था. माझ्या जुन्या ॲम्प्लिफायरमध्येच प्रीॲम्पचा एक भाग होता आणि त्यावर माझे पंधरा वर्षे बरे चालले होते. नवे यंत्र म्हणजे मसाल्याच्या डब्याएवढी एक काळी पेटी. आमच्या सौभाग्यवतींनी तिला पहिल्या दिवसापासून 'डबा' म्हणावयास सुरुवात केली, आणि ते नाव आता कायम झाले आहे. डब्याच्या तोंडावर दोन चाव्या आहेत. एकीने जाड अंश कोठून उचलावयाचे ते ठरते, दुसरीने बारीक अंश किती दाबावयाचे ते. शेजारी एक कळ आहे. ती दाबली की डावा आणि उजवा असे दोन्ही आवाज एक होतात.

जोडणी केली त्या रात्री प्रथम ऐकू आली ती घुंघुं. कोणत्याही प्रीॲम्पची ही पहिली सलामी असते. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते, आणि प्रीॲम्प नेमका त्याच जाड भागाला उचलत असल्यामुळे, भिंतीतून किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरमधून गळणारा विजेचा यत्किंचित पाझरही तो मोठ्या आपुलकीने वाढवून पुढे पाठवितो. टर्नटेबलची जमिनीची तार डब्याच्या मागील स्क्रूला आवळली, डबा ॲम्प्लिफायरपासून हातभर दूर सरकविला, आणि घुंघुं जवळजवळ नाहीशी झाली. उरली ती कूलरची. रायपूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना हे सांगावयास नको की, त्या दिवसांत रात्री दहा वाजता कूलर बंद करून बसणे हे संगीतप्रेमाचे लक्षण नसून तपश्चर्येचे आहे. एक बाजू ऐकावयाची, घाम पुसावयाचा, कूलर लावावयाचा, पुन्हा बंद करावयाचा, असा आमचा क्रम चालला.

पहिली परीक्षा लाँगप्ले तबकड्यांची घेतली. भीमसेन जोशी झाले, कुमार गंधर्व झाले, वसंतराव देशपांडे झाले. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर फरक थोडका होता. तंबोऱ्याची आस थोडी अधिक वेळ रेंगाळल्यासारखी वाटली. तबल्याच्या डग्ग्याला जरा अंग आले. या विषयाचे काही शौकीन असे सांगतात की, यंत्र बदलताच पडदा दूर झाला आणि गायक समोर येऊन बसला. असे पडदे एकाच माणसाच्या घरी वर्षातून चार वेळा दूर होतात हे मी पाहिले आहे, त्यामुळे या साक्षीवर मी फारसा विसंबत नाही. जुन्या आणि नव्या, दोन्ही यंत्रांत एकच प्रमाणित वक्र असेल आणि दोन्ही नीट बनविलेली असतील, तर त्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडण्याचे कारणही नाही. डबा तेवढ्यासाठी आणला असता, तर तो पैसा कूलरवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरले असते.

परंतु तो मी आणला होता त्या दोन चाव्यांसाठी. आणि त्या चाव्यांचा खरा उपयोग लाँगप्लेला नसून, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांना आहे.

या जुन्या तबकड्यांशी आम्हां छत्तीसगडच्या रहिवाशांचे एक नाते आहे, आणि ते फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. त्या व्हिनाइलच्या नसत, लाखेच्या असत. कुसुम, पळस, बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा किडा बसतो आणि स्वतःभोवती राळेचे कवच तयार करतो. फांदीवरून ते खरवडून, धुऊन, वितळवून त्याचा चपडा करतात. छत्तीसगड आणि झारखंड यांची जंगले आजही देशातील लाखेची मोठी आगरे आहेत, आणि आमच्याकडे धमतरी, कांकेर या भागांतील कुसुमाच्या झाडांना लाखेमुळे शेतकरी घरच्या गाईसारखे जपतात. ग्रामोफोन कंपनीने १९०८ साली कलकत्त्याला सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना काढला, त्यामागे जी कारणे होती त्यांत हा कच्चा माल या देशात विपुल होता, हेही एक होते. दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडील समुद्रमार्ग धोक्यात आले, तेव्हा १९४२ साली अमेरिकेत तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक निर्बंध आले. न्यूयॉर्कच्या नाचगाण्याला खीळ बसावी इतके आमच्या कुसुमाच्या फांदीचे महत्त्व होते! १९४८ साली व्हिनाइलची लाँगप्ले आली आणि लाखेचे ते राज्य हळूहळू ओसरले. पण आपल्या देशात लाखेच्या तबकड्या त्यानंतरही कितीतरी वर्षे निघत राहिल्या.

तबकडीत निव्वळ लाख मात्र नसे. लाख हे बंधन. बाकीचा मोठा भाग दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू यांचा. ही दगडाची पूड मुद्दाम घातलेली असे. पोलादी सुई खाचेत घासून खाचेच्या आकाराची व्हावी, म्हणजे सुईने झिजावे आणि खाचेने टिकावे, हा तीमागील हेतू. जुन्या तबकडीची जी प्रसिद्ध खरखर आपण ऐकतो, ती या पुडीची. ती काळाने आणलेली नाही. पुष्कळशी जन्मतःच असते.

आता मुख्य अडचण. १९५४ सालचे प्रमाण ठरण्यापूर्वी प्रत्येक कंपनीचा करार निराळा होता. आणि तबकडीच्या कागदी चकतीवर गायकाचे नाव असे, नाटकाचे असे, रागाचे असे, पण आपण ती कोणत्या वक्राने कोरली हे कोणी छापीत नसे. इंग्लंडमध्ये १९३० च्या सुमारास ॲलन ब्लुमलाइन या तरुण इंजिनीयराने मुद्रणाची एक नवी पद्धत तयार केली. (हाच गृहस्थ दोन कानांच्या, म्हणजे स्टीरिओ, मुद्रणाचाही एक जनक, १९४२ साली विमानातून रडारची चाचणी घेत असता तो वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी अपघातात गेला.) त्या पद्धतीच्या एच.एम.व्ही. तबकड्यांसाठी जाणकार जो वक्र वापरतात, त्यात २५० कंपनांच्या खालचा भाग तेवढा दाबलेला असतो. वरच्या बारीक अंशांना मुळीच हात लावलेला नसतो. अशी तबकडी आजच्या प्रमाणित वक्राने वाजविली म्हणजे काय होते पाहा. जे ५०० पासून दाबलेले नव्हतेच, ते ५०० पासून उचलले जाते. म्हणून आवाज फुगतो. आणि जे उचललेले नव्हतेच, ते खाली दाबले जाते. १०,००० कंपनांपाशी तर ते जवळजवळ पाचव्या हिश्शावर येते. गायक घोंगडी पांघरून गात आहे असे वाटते. आपण म्हणतो, जुने मुद्रण आहे, चालावयाचेच! पण त्यात मुद्रणाचा दोष थोडा आणि वाचणाराचा पुष्कळ असतो. १९३५ ची तार १९५४ च्या संकेतकोशाने वाचावी तसे ते आहे.

आमच्या घरी अशा तबकड्यांची एक लाकडी पेटी आहे. ती आजीची. तिचे माहेर धमतरीचे. १९५६ साली लग्न होऊन ती रायपूरला आली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला जुना मध्यप्रांत मोडला, नागपूरची राजधानी गेली, आणि रायपूर-बिलासपूरकडील मराठी मंडळी एका नव्या, हिंदी भाषेच्या राज्यात आली. राजधानी गेली तरी आजीची पेटी तेवढी आली. धमतरीहून रायपूरला येणाऱ्या त्या वेळच्या लहान रुळांच्या गाडीतून, सासरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या मांडीवर. पेटीत बालगंधर्व होते, हिराबाई बडोदेकर होत्या, अब्दुल करीमखाँ होते.

या पेटीचे आमच्या घरी काय काम होते, ते महाराष्ट्रात राहणाऱ्या श्रोत्यांना कदाचित सहज समजावयाचे नाही. तात्यापाऱ्यातील आमच्यासारख्या घरांतून मुले शाळेत हिंदी शिकत, गल्लीत छत्तीसगडी बोलत, आणि मराठी केवळ घराच्या उंबऱ्याआत असे. ती मराठीही भोसल्यांच्या काळापासून या मातीत मुरलेली. तिच्यात 'पाणी गिरते' आणि 'मला जायचे आहे ना जी' अशी वाक्ये सुखाने नांदतात. शुद्ध, नाटकी, मुंबई-पुण्याच्या रंगभूमीवरची मराठी कानी पडावयाची ती या तबकड्यांतून. आजीने नाट्यपदे तबकडीवरून उचलली, माझ्या आत्यांना शिकविली, आणि त्यांनी आपापल्या घरी नेली. हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, मंगळागौरीला ती गायिली जात. भाषेचा आमचा तो एक तोंडी पाठ होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागण्याच्या थोडे आधी, मी ती पेटी उघडली. लाखेच्या तबकडीची खाच लाँगप्लेच्या मानाने सुमारे तिप्पट रुंद असते, म्हणून तिच्यासाठी रुंद टोकाची निराळी सुई आणली होती. तबकडी कोमट पाण्याने पुसली. लाखेला स्पिरिट चालत नाही, ती विरघळते. एकत्र करण्याची कळ दाबली, कारण या तबकडीची खाच फक्त आडवी हलते, आणि आजची सुई वर-खाली हलून जे काही गोळा करते ती निव्वळ खरखर असते. दोन्ही आवाज एक केले की त्यांतील बरीचशी परस्पर कटते. मग 'संगीत स्वयंवर' मधील बालगंधर्वांचे एक पद लावले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक १९१६ सालचे, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. बुवांचा स्वतःचा आवाज तबकडीवर उरलेला नाही असे जाणकार सांगतात. शिष्याच्या गळ्यातून उरले तेवढेच त्यांचे गाणे.

प्रथम प्रमाणित वक्राने ऐकले. तोच ओळखीचा, जाडसर, दूरचा आवाज. मग पहिली चावी २५० वर आणली आणि दुसरी शून्यावर. खरखर एकदम वाढली. सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "अहो, पाऊस आला का?" पण त्या पावसातून सारंगीचा गज तारेवर लागल्याचा आवाज आला, तबल्याच्या चाटेला धार आली, आणि मुख्य म्हणजे शब्द आले. 'स' आणि 'श' आले. जोडाक्षरांचे कंगोरे आले. बालगंधर्वांचे गाणे लाडिक, गोड, निसटते आहे असे आपण ऐकत आलो आहोत. ते शब्द इतके ठाशीव टाकतात हे मला त्या रात्री प्रथम कळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजीला खुर्चीत बसवून तेच पद ऐकविले. तिचे वय आता अठ्ठ्याऐंशी. त्या वयात आवाजातील बारीक अंश कानाला आपोआप कमी ऐकू येतात. म्हणून तिच्या कानात जे यंत्र आहे, ते तेच अंश उचलून देते. म्हणजे डब्याचा एक धाकटा भाऊ तिच्या कानात आधीपासून होताच. तिने डोळे मिटून पद पुरे ऐकले, आणि म्हणाली,

"छान आहे. कोण गाते?"

मी सांगितले.

"नाही रे बाळ. ते असे जवळ बसून गात नसत. ते पलीकडच्या खोलीतून गात."

मी जुन्या पद्धतीने लावून दाखविले. "हं, हे त्यांचे," असे म्हणून ती खूष झाली. तिने बालगंधर्वांना प्रत्यक्ष कधी पाहिले वा ऐकले नव्हते. धमतरीच्या घरातील चावीचा ग्रामोफोन, त्याचा कर्णा, आणि मधला दालनाचा दरवाजा, हे सर्व मिळून तिचे बालगंधर्व झाले होते. त्या कर्ण्याला ना पुरता खर्ज काढता येई, ना ते बारीक 'स'कार. मधला, नाकातला भाग तेवढा तो मोठ्याने सांगे. सत्तर-ऐंशी वर्षे तिने जो आवाज मनात जपला, त्यातील कितीसा गायकाचा आणि कितीसा कर्ण्याचा?

प्रश्न एवढ्यावर थांबला असता तर मी तो आवडीनिवडीचा म्हणून सोडून दिला असता. पण तिसऱ्यांदा पद लावले तेव्हा, नव्या वक्राने अंतऱ्यातील एक शब्द निराळा ऐकू आला. आमच्या घरी तो शब्द पहिले अक्षर गाळून गायिला जातो. गाळल्यावर जो उरतो तोही एक चांगला, अर्थपूर्ण शब्द आहे, आणि ओळीत तो बसतोही. म्हणून आजवर कोणाला शंका आली नाही. आता त्याच्या आरंभी स्वच्छ 'स' वाजत होता. वडिलांच्या कपाटात नाटकाचे छापील पुस्तक आहे, त्यात पाहिले. 'स' होता. कर्ण्याने तो खाल्ला होता, आणि आम्ही तीन पिढ्या त्याच्यावाचून गात होतो. तो शब्द कोणता हे मी येथे सांगत नाही, कारण आजी हे भाषण ऐकत असेल.

मी पुस्तक तिच्यापुढे धरले. तिने चष्मा लावून ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि पुस्तक मिटून म्हणाली, "पुस्तकात असेल. आपल्या घरी असेच म्हणतात."

माझी मुलगी महाविद्यालयात जाते. तिने आजीची बाजू घेतली. तिचे म्हणणे असे की, लोकगीतांचे पाठ असेच बदलतात. आपल्या घरचा पाठ हा रायपूरचा पाठ आहे, आणि तो पुसण्याचा बाबांना काय अधिकार? मला हे म्हणणे ऐकावयास गोड वाटले, पण पटले नाही. लोकगीत हे कोणा एकाचे नसते. हे पद खाडिलकरांनी लिहिले, बखल्यांनी बांधले, आणि एका माणसाने विशिष्ट दिवशी यंत्रापुढे उभे राहून, पुन्हा दुरुस्त करण्याची सोय नसता, तीन-साडेतीन मिनिटांत गायिले. त्याने 'स' म्हटला आहे. तो खाचेत आहे. कुसुमाच्या लाखेत आणि दगडाच्या पुडीत तो इतकी वर्षे कोणी ऐकावे म्हणून पडून आहे. तो ऐकू आल्यावर, ऐकलाच नाही असे म्हणणे मला प्रशस्त वाटत नाही.

याला लागूनच दुसरा एक वाद घरात उभा राहिला. पुण्याला व परदेशात असलेल्या चुलत भावंडांनी कळविले की, पेटीतील सर्व तबकड्या संगणकात उतरवून पाठवाव्या, मात्र 'स्वच्छ' करून. ती खरखर नको. मागणी रास्त आहे. खरखर काढण्याची साधने आता पुष्कळ झाली आहेत, आणि सुटे टकटक आवाज ती खरोखर सफाईने वेचतात. परंतु अखंड चालणारी जी सरसर आहे ती नेमकी त्याच बारीक प्रदेशात राहते, ज्यात 'स' राहतो, सारंगीचा गज राहतो, तबल्याची धार राहते. झाडणी जरा जोराने फिरविली की धुळीबरोबर रांगोळीही जाते. आज जुन्या गायकांच्या ज्या गुळगुळीत प्रती सर्वत्र ऐकावयास मिळतात, त्यांतील पुष्कळशांत हे झालेले आहे. त्या ऐकून तरुण मंडळी समजतात की, पूर्वीचे लोक असेच मऊ, बोबडे गात असावेत. पूर्वजांच्या गायकीविषयी आपण जी मते मांडतो, त्यांतील काही खरोखर यंत्रांविषयीची मते असतात. वेगाचेही तसेच. फार जुन्या तबकड्या सर्वच काही ७८ फेऱ्यांना कोरलेल्या नाहीत. वेगात शेकडा सहाचा फरक पडला की पट्टी अर्ध्या स्वराने सरकते, आणि भारदस्त गळा किनरा होतो. मग आपण त्यावर लेख लिहितो!

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सूर्यमालेपलीकडे धाडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे आणि तिच्यात केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. तबकडीबरोबर कार्ट्रिज आणि सुईही ठेविली आहे, आणि ती किती वेगाने फिरवावी हे वेष्टनावर आकृती काढून समजाविले आहे. अनोळखी श्रोत्याशी हा करार करण्याची बुद्धी त्यांना झाली. आमच्या लाखेच्या तबकडीवर गायकाच्या नावाशेजारी तेवढी एक ओळ कोणी छापली असती, तर आमच्या घरातील जून महिना शांततेत गेला असता.

अखेर मी सरकारी नोकर. कागद नष्ट करावयाचा नाही, मूळ प्रत वेगळी ठेवावयाची, आणि काय फेरफार केला त्याची नोंद करावयाची, ही सवय हाडी खिळलेली. मोठ्या ध्वनिसंग्रहांतही याच प्रकारची रीत पाळतात. म्हणून प्रत्येक तबकडीच्या मी तीन प्रती करीत आहे. पहिली, डब्याच्या दोन्ही चाव्या बंद ठेवून, खाचेत जसे वाकविलेले आहे तसेच; ती ऐकण्यासाठी नव्हे, तर पुढे कोणी माझ्यापेक्षा जाणता निघाला तर त्याच्यासाठी. दुसरी, माझ्या कानाला योग्य वाटलेल्या वक्राने, खरखरीसकट. आणि तिसरी भावंडांसाठी, हलक्या हाताने झाडलेली. एका वहीत प्रत्येकीचा तपशील लिहिला आहे: तबकडीचा क्रमांक, सुईची रुंदी, वेग, वक्र. कचेरीतील रिवाजाप्रमाणे शेवटचा रकाना 'शेरा' असा ठेवला.

'स्वयंवर' च्या त्या तबकडीपुढे शेरा काय लिहावा याचा मी विचार करीत होतो. 'अंतऱ्यातील शब्द छापील पुस्तकाप्रमाणे' असे लिहून मी ते आजीला वाचून दाखविले. तिने ऐकून घेतले, हरकत घेतली नाही. मग म्हणाली, "त्याच्या खाली आपलाही लिही." मी घरचा शब्द लिहिला. "आणि धमतरीचा, असे लिही," ती म्हणाली. तेही लिहिले. आता पेटीतील एकतीस तबकड्या उतरवावयाच्या राहिल्या आहेत. पावसाळ्यात कूलर बंद असतो, तेव्हा दिवाळीपर्यंत होतील.